सतरंजीवरची काठी

मित्रांनो, नीट बसा आणि ऐका. मी शिसवीची काठी आहे. माझ्या मुठीला पितळेचा वाघ आहे आणि पासष्टाव्या वर्षीही माझा कणा ताठ आहे.

एका कातार्‍याने मला चरकावर कातून घडविले आणि आमच्या हिंदी मुलखातल्या शहराच्या लालबाग उद्यानातील जत्रेत कृष्णरावांनी मला विकत घेतले. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई मात्र पाहुण्यांना सांगत, "ही सासऱ्यांना दरबारातून मिळाली." कृष्णराव गेले आणि स्नेहलतागंजच्या घरात मी चार वर्षे दाराआड धूळ खात उभी राहिले. बाईही घराबाहेर पडेनाशा झाल्या.

मग एका रविवारी त्यांची नात पलक म्हणाली, "आजी, चलो ना, लालबागेत ग्रुप चालतो. नवीन लोक भेटतात."

तेथील रीत मोठी गमतीची. निम्म्या मंडळींनी आपली एकेक वस्तू सतरंजीवर ठेवायची, उरलेल्यांनी एकेक उचलायची, आणि ज्याची वस्तू त्याच्यासोबत गप्पा मारत फेरी घालायची; शेवटी सर्वांनी पोहे खायचे. बाईंनी मला ठेवले आणि मी आनंदाने शहारले. नागपूरहून आलेल्या सुशांतने मला उचलले. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "दरबारात आपले पूर्वज कोणत्या हुद्द्यावर होते?"

बिचाऱ्याने झपाझप फेरी उरकली. ही गोष्ट पसरली. दुसऱ्या रविवारी सर्वांचे हात मला चुकवून टोप्यांकडे आणि बाटल्यांकडे गेले. बाई एकट्याच चालल्या.

"पुढल्या खेपेसही हेच झाले, तर पुन्हा यायचे नाही," त्यांनी पलकला बजावले. मला दाराची ती मागची बाजू आठवली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा मीच उरले. इतक्यात नांदेडहून कॉलेजात शिकवायला आलेली रुपाली धावत आली आणि तिने मला उचलले.

"आजी, काठी तुमची?"

"होय. दरबारात आपले..."

"आमचे कसले दरबार? पणजोबा कातारी होते. लाटणी, भोवरे, काठ्या करून जत्रेत विकायचे." तिने मला फिरवून पाहिले. "ही जत्रेतली दिसते. आमच्या घरी अश्शीच एक आहे."

बाई थबकल्या. त्यांनी मला तिच्या हातातून परत घेतले. आता घरी, आता दाराआड, असे मला वाटले.

"बरोबर ओळखलेस," त्या सावकाश म्हणाल्या. "यांनी इथल्याच जत्रेत घेतली. दरबाराची म्हणून मीच सांगत आले."

"मग चांगलीच टिकली की."

"टिकणारच. तुझे पणजोबा भोवरे कसे करीत, ते सांग. सगळे सांग."

एका फेरीच्या तीन झाल्या. पलकने हाक मारली, "आजी, पोहे ठंडे हो रहे हैं."

"होऊ देत," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, काठीला तेल लावा, धूळ पुसा. पण तेवढ्यावर थांबू नका. तिला आणि तिला धरणाऱ्या हाताला चार अनोळखी माणसांत न्या. लाकूड वापरात असले म्हणजे वाकत नाही.

काल रविवार होता. मनोरमाबाई सर्वांआधी पोहोचल्या, त्यांनी मला सतरंजीच्या मधोमध ठेवले आणि मंडळी जमताच त्या भरदार आवाजात म्हणाल्या, "जत्रेतली काठी आहे. खुशाल उचला."

एकदम तीन हात पुढे आले.