मिठागराची माहेरवाशीण

द्रोणागिरीच्या सोसायटीत एक खारड्रॅगनीण उतरली आणि पार्किंगमध्ये तीन अंडी घालून बसली. सेक्रेटरी प्रसादने तडक आगीचा बंब बोलावला.

पाइपातून पाणी सुटणार तोच मालतीबाई आडव्या आल्या. इमारत होण्याआधी इथे त्यांचं मिठागर होतं. खारड्रॅगनीण जिथे जन्मते तिथेच बाळंतपणाला येते आणि तिची अंडी मिठाच्या राशीतच उबतात, म्हणून हंगामातली शेवटची रास त्या कधी उचलत नसत.

"आजी, बाजूला व्हा! आग ओकेल ती!" प्रसाद ओरडला.

"कशाची आग? पोरांना चटका लागू नये म्हनून अंडी घातली की ती आपली आग इझवून टाकते. पिल्लं उडंपर्यंत थंडच रहाते."

आणि मालतीबाईंनी खुशाल तिच्या जबड्यात हात घातला. बंबवाल्याने डोळेच मिटले. ड्रॅगनिणीने तो घामेजला हात कोपरापर्यंत चाटला, अगदी सावकाश, चव ओळखावी तसा.

मालतीबाई प्रसादवर कडाडल्या, "बगत काय उभा हाय? लेक माहेरी आलीय आनि घरात चिमूटभर मीठ नाय! जा, घराघरातून बरन्या आन!"