माकडाचं अनेकवचन

माझी बायको प्रेमला गेल्याचं मला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात फोनवर कळलं. मार्च २००५, मंगळवार, सकाळचे अकरा. तिने दिलेला डबा मी तसाच घरी परत आणला.

जुलैत शिरीषचा फोन आला. तो इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढतो. "काका, काकूंचा लेख छापायचाय. एकदा तपासून द्याल?"

बुकित तिमाहच्या जंगलात एका माकडाने तिच्या पिशवीतली केळी पळवली, तिथून लेख सुरू होत होता. मग तिचा शोध : पोर्तुगीज लोक माकडाला 'मकाको' म्हणतात, तो शब्द आपल्या 'माकड'वरून गोव्यातून गेला.

पासिर रिसला आमच्या शेजारी मोंटेरो राहतात. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज. या शब्दावरून ते आणि प्रेमला दोन वर्षं लिफ्टमध्ये भांडत होते. मी त्यांना लेख इंग्रजीत सांगितला.

"फार हट्टी बाई, ला!" इथल्या पद्धतीने शेवटी 'ला' जोडत ते म्हणाले. "दहा वेळा सांगितलं, शब्द आफ्रिकेतला आहे."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आफ्रिकेत तो कोणी नेला? आम्हीच!"

मी विचारलं, "पण आफ्रिकेतला कशावरून?"

"तिकडे एक माकड म्हणजे 'काकू'. आधी 'मा' लावला की पुष्कळ माकडं, 'माकाकू'. पोर्तुगीजांनी अनेकवचनच उचललं. आता तर गाडीच्या जॅकलाही ते मकाकोच म्हणतात."

मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. मोंटेरो घाबरले. मी सांगितलं, ब्लॉकमधली सगळी मराठी मुलं प्रेमलाला काकू म्हणायची. मग तेही डोळे पुसत हसले.

"हे 'काकू'चं तिला सांगितलं होतंत?"

"नाही. पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं होतं."

शिरीष म्हणाला, "चुकीचा भाग गाळा ना काका, कोणाला कळणार नाही." पण तो गाळला तर लेखात केळीच उरतात. तसाच छापला तर लोक तिला हसतील, आणि तिला उलट बोलता येणार नाही. म्हणून मी तिचं वाक्य ठेवलं आणि खाली मोंटेरोंचं म्हणणं त्यांच्या नावाने लिहिलं, काकूसकट.

मोंटेरोंची एकच अट आहे : शेवटी बोलणार ती. अंक छापायला जायला नऊ दिवस आहेत. तिचं उत्तर माझ्याकडून अजून लिहून झालेलं नाही.