किडकं पोवळं

आमच्या तोर्रे देल ग्रेको गावात किडकं पोवळं खपवणारी घरं पुष्कळ. समुद्रातल्या किड्यानं पोखरलेली भोकं मेणानं बुजवायची, वरून लाल रंग चोळायचा, की गिऱ्हाईक खूश. माझ्या उंबऱ्याच्या आत असला माल आला नाही. पोवळ्याची फांदी दातावर वाजवली की आत कीड आहे की नाही ते मला कळतं.

माझा धाकटा मुलगा, आनिएल्लो, सार्डिनिया बेटाकडे पोवळ्यासाठी बुड्या मारायचा. त्या खेपेला फार खोल गेला, घाईनं वर आला आणि बोटीवरच संपला. पिशवीत एकच फांदी होती, अंगठ्याएवढी जाड. ती बोटवाल्यानं आणून दिली. आनिएल्लोची बायको आसुंता तेव्हा पोटुशी होती. निघताना तो तिला म्हणाला होता, पहिली फांदी बाळाच्या गळ्यासाठी. पोवळं घातल्याशिवाय आम्ही मूल बाप्तिस्म्याला नेत नाही, दृष्ट लागते.

मुलगी झाली. मी फांदी कापायला घेतली. दातावर वाजवली नाही. त्याच्या हातची फांदी, ती काय पारखायची!

करवत आत गेली आणि माझा हात थांबला.

"काय झालं, मम्मा?" समोर फांदी धरून बसलेल्या आसुंतानं विचारलं.

"काही नाही. नीट धर."

पण तिला दिसलंच. आत नुसती चाळण झाली होती.

"मेण भरा ना," ती हळूच म्हणाली.

"माझ्या घरात? तुझ्या माहेरी भरतात, तिकडे जा घेऊन!"

मी फांदीचे मणी कापले आणि सामत्यानं, म्हणजे दोरीच्या गिरमिटानं, ते विंधायला लागले. पहिला तडकला. दुसराही. हात इतका हलका ठेवला, तरी एकेक मणी फुटत गेला. पोरानं जीव देऊन आणलेलं, आणि माझ्या मांडीवर त्याचा लाल भुगा पडत होता. शेवटी वालाएवढा एक तुकडा उरला. मी त्याच्यावर सामता टेकवला.

"थांबा, मम्मा!" आसुंतानं तो हिसकावूनच घेतला आणि खिडकीकडे धरला. किडा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघाला होता. तिनं दोऱ्याला थुंकी लावली, पीळ दिला आणि त्याच भोकातून ओवला. वाकडातिकडा, पण गेला.

"बायका बघतील," मी म्हणाले.

"बघू देत."

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर मेण भरून माल खपवणारी डोन्ना रेस्तितुता टपूनच होती. "अगंबाई, डोन्ना वेनेरांदा! तुमच्या नातीच्या गळ्यात किडकं? आम्हाला तर नावं ठेवायचात!"

बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. जिभेवर होतं की, माझ्या आनिएल्लोनं आणलंय. पण त्याचं नाव काही केल्या तोंडातून निघेना.

आसुंतानं बाळाच्या झबल्याचा गळा खाली ओढला, पोवळं सगळ्यांना दिसेल असं वर काढून ठेवलं, आणि माझा दंड धरून मला आत नेलं.