पासवर्ड बरोबर होता

यांनी पासवर्ड टाकला. कॉम्प्युटरने पुन्हा नाकारला. हे उठून खिडकीशी जाऊन बसले.

आमचे हे घरांचे नकाशे काढायचे. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव घेतल्यापासून घरात जो तो यांची परीक्षा घेतोय. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबांना स्वतःचा पासवर्डसुद्धा आठवत नाहीये. आता तरी मान्य कर."

"तू आधी गाडीची किल्ली कुठे ठेवलीस ते आठव," मी म्हटलं. फोन ठेवला, पण आत काही हललं नाही. हल्ली मला भीतीसुद्धा वाटेनाशी झालीय. भाजी चिरायची, गोळ्या द्यायच्या, कपडे वाळत घालायचे, झालं.

तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. विसरलेला माणूस अडखळतो. यांची बोटं दर वेळी न थांबता त्याच कळांवर पडत होती.

"अहो, पुन्हा एकदा टाका," मी म्हटलं. या वेळी रकान्याशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. त्याने ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतात. यांनी वाय दाबलं, पडद्यावर झेड उमटलं.

गेल्या आठवड्यात परदेशातला भाचा आला होता, त्याने यांचा पासवर्ड आणि फायली तशाच ठेवून कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स नव्याने बसवून दिलं. शहाण्याने स्वतःच्या सवयीचा, वाय-झेडची अदलाबदल असलेला जर्मन कीबोर्ड लावून ठेवला आणि खापर फुटलं यांच्या डोक्यावर! वर कोपऱ्यात भाषेची दोन बारीक अक्षरं होती. त्यांवर क्लिक करून मी नेहमीचा इंग्रजी कीबोर्ड निवडला.

यांनी पासवर्ड टाकला. उघडलं.

"बघा, तुमचं काही चुकलंच नव्हतं!" कितीतरी दिवसांनी मला आनंद झाला, चांगला घसघशीत. मुलाला सुनावायला फोन उचलला. दुसऱ्या हाताने यांचा शेवटचा नकाशा उघडून दिला. आमच्या लेकीच्या घराचा होता, जिन्यापर्यंत येऊन थांबलेला.

हे पुढे वाकले. चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले.

"जिना झकास बसवलाय," म्हणाले. "कुणी काढलंय गं हे?"

पलीकडून मुलगा हॅलो हॅलो करत होता. मी फोन बंद केला.

"आहेत एक जण," मी म्हटलं. "काम फार चोख असतं त्यांचं."