सतरावे झाकण

मी एक जुने, पांढरे झाकण आहे. माझ्या आतल्या कडेवर एक घडी पडली आहे. ती पाहून कुणी हळहळू नये, मित्रांनो. ती चूक माझी नव्हती आणि हे मी शेवटपर्यंत सांगणार.

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे झाकणांचे आराखडे करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या आईच्या बोटांचे सांधे सुजलेले. खोकल्याच्या औषधाचे झाकण त्यांना उघडत नसे. झाकण सैल ठेवले तर औषध गळे. न गळणारे आणि तरीही दुखऱ्या बोटांना उघडणारे झाकण करायचेच, असे ताईंनी मनावर घेतले. म्हणून माझ्या पोटात त्यांनी ओठासारखी पातळ कडा ठेवली. ती बाटलीच्या तोंडाला नुसती टेकली की पुरे.

माझ्याआधीची सोळा गळली होती. साहेबांनी बजावले होते, "सतरावं शेवटचं. गळलं की हे काम बंद."

चाचणी साधी असे. बाटलीत शाईचे पाणी भरायचे, झाकण लावायचे, बाटली टिपकागदावर आडवी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी डाग बघायचा. झाकण लावायचे काम पैलवानाकडे. हे नाव त्याला कारखान्याने दिलेले, पण मनगट खरेच तसे. त्याने दात-ओठ खाऊन मला पिळले. सकाळी कागदावर निळा डाग होता.

"संपलं, ताई," साहेब म्हणाले आणि मी कचऱ्याच्या टोपलीत गेले.

तिथे मी धुमसत पडले. मी गळले नव्हते. मला गळवले होते.

ताईंनी मला टोपलीतून उचलून भिंगाखाली धरले. कडा दुमडलेली होती.

"किती आवळलं होतंस रे?"

"जीव खाऊन," पैलवान अभिमानाने म्हणाला. "तुमचं काम म्हणून आधीची सोळाही तशीच लावली."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोमट पाण्यात ठेवून त्यांनी माझी कडा सरळ केली, साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आईंनाच घेऊन आल्या.

"मावशी, जोर लावा, नाहीतर गळेल," पैलवान म्हणाला.

"जोर असता तर माझ्या लेकीला एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता, बाबा?"

आईंनी मला फिरवले. कडा टेकली आणि त्यांची ताकद तिथेच संपली.

सकाळी कागद कोरा होता. साहेबांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. "मग बाटलीवर छापू या, फार आवळू नका म्हणून."

"कोण वाचतं, साहेब? लोक आवळणारच. झाकणानंच थांबायला हवं."

अठराव्या झाकणात ताईंनी एक अडसर घातला. कडा टेकली की ते पुढे फिरतच नाही. पैलवानाने घाम गाळला, पण कागद कोराच राहिला. बाजारात अठरावे गेले, मी नाही.

मी आईंच्या औषधाच्या बाटलीवर बसले आहे, घडीसकट, आणि अजून एक थेंब सांडलेला नाही. मित्रांनो, कुठे गळती दिसली तर झाकण खुशाल तपासा. पण त्याआधी ते आवळणारा हात तपासा. आणि माझ्यासारखे झाकण लावताना कडा टेकली की थांबा. त्यापुढचे बळ आम्हाला नको आहे.