अक्काने दारू सोडली होती

माझी थोरली बहीण कवळ्या बनवायची. मी तिला अक्का म्हणायचे. एका डेंटल लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, सत्तावीस वर्षं तिने तेच काम केलं. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यावरून प्लास्टरचे साचे निघायचे आणि त्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवायचं काम तिचं. ती डॉक्टरांकडून पेशंटचा जुना फोटो मागवून घ्यायची, हसतानाचा. "सगळे दात सरळ लावले की माणूस जाहिरातीतला दिसतो," असं ती म्हणायची. मग एखादा दात केसभर तिरका करायची. दात गेलेल्या कुणा आजोबांची बायको मग डॉक्टरांना सांगायची, हां, आता हे आमच्यासारखे दिसतात. अक्काला एवढं कळलं की तिचा आठवडा छान जायचा.

ती आणि भावोजी दोघं मिळून प्यायचे. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायची, रेडिओ लावायची, दोन पेग घ्यायची, हसायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग भावोजी पन्नाशीतच हार्ट अटॅकने गेले आणि अक्का त्यांच्या वाटणीचीही प्यायला लागली.

स्टीलच्या बाटलीतून ती कामावर दारू नेते, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी दहापर्यंत तिचे हात थरथरायचे. बाटलीतले चार घोट पोटात गेले की मगच ती मेणाला हात लावायची. एकदा तिच्या हातून कवळी अशी बिघडली की पेशंटला तोंडच मिटेना. डॉक्टरांनी ती परत पाठवली. लॅबच्या मालकांनी अक्काला आत बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "ताई, तुमचे हात सोन्याचे आहेत. महिनाभर घरी बसा आणि ते परत घेऊन या."

डॉक्टरांनी लिव्हरवर सूज सांगितली. आता थांबलात तर भरून येईल, म्हणाले. अक्का थांबली.

तेव्हा शाळेला सुट्टी होती. मी भूगोल शिकवते. नवऱ्याला सांगून मी तिच्याकडेच राहायला गेले. ते चाळीस दिवस मी कुणाला सांगत नाही. ती घामाने भिजायची, भिंतीकडे तोंड करून पडायची, मला नाही नाही ते बोलायची आणि मग माझा हात घट्ट धरून ठेवायची. पहिले दहा दिवस गेले आणि अंगाचा थरकाप थांबला, पण झोप येईना. डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "चिमे, झिपऱ्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

झिपऱ्या तिचा कॉलेजातला मित्र. तेव्हा त्याचे केस खांद्यावर रुळायचे, आता त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. पण नाव राहिलं ते राहिलं. तो गावाबाहेर रोपवाटिका चालवतो. कॉलेजात असताना अक्का, तो आणि आणखी दोघं विज्ञान इमारतीच्या गच्चीवर बसून गांजा ओढायचे. घरात हे फक्त मला माहीत होतं, कारण अक्काच्या स्वेटरला येणारा तो वास आईच्या नाकापर्यंत जायच्या आत मी स्वेटर भिजत टाकायचे.

"कशाला हवाय त्याचा नंबर?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"कळतंय तुला. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. पण मग संध्याकाळी मी कुठे असेन ते मला सांगता येणार नाही."

मीच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो आला. आम्ही तिघं बाल्कनीत बसलो. शाळेत मुलांचे मोबाइल जप्त करणारी मी, हातात चहाचा कप घेऊन, त्याला कागदात ती पानं गुंडाळताना बघत होते. अक्काने दोन झुरके घेतले, खोकली, डोळ्यांत पाणी आलं आणि मग हसली. भावोजी गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"तीस वर्षांनी," झिपऱ्या म्हणाला.

"बत्तीस," अक्का म्हणाली. मग तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "बघ."

हात हलत नव्हते. मला रडू आलं. ते दारू सुटल्यामुळे स्थिर झाले होते की त्या दोन झुरक्यांमुळे, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही. आम्हा तिघांनाही उत्तर सापडल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं, हे मी कुणासमोरही सांगेन. अक्का लॅबमध्ये परत रुजू झाली. रोज कामावरून आली की बाल्कनीत एक ओढायची, जेवायची आणि लहान मुलासारखी झोपायची. भूक तर अशी की स्वतःचं संपवून माझ्या ताटात हात घालायची. तिचा जरा विसरभोळेपणा वाढला. बोलता बोलता मधेच थांबायची आणि आपण काय सांगत होतो ते मलाच विचारायची. एकदा दूध गॅसवर ठेवून बाल्कनीत बसली आणि पातेलं जळून कोळसा झालं. मी पातेलं घासताना मनात म्हटलं, दारूपेक्षा बरं. हे तीन शब्द मी तेव्हा दिवसातून किती वेळा म्हणायचे याचा हिशेब नाही.

तिचा पाय मुरगळला तेव्हा रोपवाटिकेत मी जाऊ लागले, आणि पाय बरा झाल्यावरही मीच जात राहिले. झिपऱ्या पुडी एखाद्या रोपाच्या कुंडीखाली ठेवून द्यायचा, म्हणजे कुणी पाहिलं तर मी आपली रोप घेऊन चालले आहे. माझ्या घरी अकरा कुंड्या झाल्या. नवऱ्याला वाटलं, बायकोला पन्नाशीच्या आधीच बागेचं वेड लागलं.

दिवसाला एक होती, त्याच्या तीन झाल्या. मग सकाळी कामाला जायच्या आधीही एक. मी टोकलं तर म्हणाली, "पाठ धरते गं. पंचवीस-सव्वीस वर्षं वाकून बसलेय."

"मग डॉक्टरला दाखव."

"दाखवून काय? तो म्हणेल काम सोडा. दोन झुरके घेतले की ही पाठ दुसऱ्याच कुठल्यातरी बाईची होते. तिचं तिला दुखू दे."

मी हसले. ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन नवऱ्याला सांगावंसं वाटलं, पण सांगणार कसं?

पुढच्या काही महिन्यांत तिचे कपडे ढिले झाले. खायची तशीच, पण अंगाला लागत नव्हतं. मी म्हटलं, वय. आणि मग एका रविवारी दुपारी तिने दार उघडलं आणि तिचे डोळे पिवळे होते.

मी आत गेले ते थेट स्वयंपाकघरात. ओट्याखालचं कपाट उघडलं. पिंपाच्या मागे हात घातला. मग बाथरूममधली बादली, कपड्यांचं कपाट, गादीखाली. दारू लपवायच्या तिच्या सगळ्या जागा मला पाठ होत्या. ती दाराला टेकून बघत उभी होती.

"काय शोधतेयस?"

"कुठे ठेवलीयस?"

"चिमे, मी प्यायलेले नाही."

"आरशात बघितलंस स्वतःला? कावीळ झालीय. लिव्हर गेलं की असंच होतं, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि मी मूर्खासारखी तुझ्यासाठी पुड्या आणतेय, का तर तू पिऊ नयेस म्हणून."

"नाही प्यायले गं. एक थेंब नाही."

"भावोजींची शपथ घे."

तिने शपथ घेतली नाही. म्हणाली, "तू घरी जा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी गेले. तीन आठवडे आम्ही बोललो नाही. ती दवाखान्यातही गेली नाही. का, ते तिने मला नंतर सांगितलं. डॉक्टरही आधी दारूचंच विचारणार, आणि दुसऱ्यांदा ऐकायची ताकद तिच्यात नव्हती.

बाविसाव्या दिवशी शाळेत फोन आला. लॅबचे मालक होते. "मॅडम, ताई खुर्चीवरून उठताना पडल्या. आम्ही हॉस्पिटलात आणलंय."

स्कॅन झालं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि दोघींना एकदमच सांगितलं. स्वादुपिंडात गाठ आहे. पित्ताची नळी दाबली गेली म्हणून कावीळ. गाठ पोटात पसरलीय, ऑपरेशनच्या पलीकडे गेलीय.

"आणि लिव्हर?" मी विचारलं.

त्यांनी जुने कागद चाळले. "लिव्हरवरची सूज बरीच उतरलीय. यांनी दारू पूर्ण बंद केलेली दिसते."

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

"पोटात, पाठीत कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वर्ष होत आलं असेल."

"वर्षभर तुम्ही सहन केलंत?"

"सहन कुठे केलं? दुखायचं, पण लांब."

दुखण्यावर काय घेत होतात, हे त्यांनी विचारलं आणि अक्काने सगळं सांगितलं, फक्त ते आणून कोण द्यायचं एवढं सोडून. बाईंनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. नंतर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. आधी आणलं असतं तर वाचली असती का?

"या आजारात ते सांगणं कठीण आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलेलेही कमीच वाचतात. पण बऱ्याचदा दुखणं हीच पहिली खूण असते. ती यांच्यापर्यंत पोचलीच नाही."

मी अक्काला माझ्या घरी आणलं. माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, कुंड्यांसकट. मग उठून त्याने अक्कासाठी पुढची खोली रिकामी केली.

हॉस्पिटलने दुखण्यावर अंगाला चिकटवायच्या औषधी पट्ट्या आणि गोळ्या दिल्या होत्या. गांजा तिने आपण होऊन सोडला. ओढलं की खोकला यायचा आणि खोकलं की पोट फाटायचं. पट्टीचा अंमल उतरत आला की ती पलंगाची कड धरायची आणि घड्याळाकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "एवढं दुखतं होय. मला माहीतच नव्हतं."

त्या दिवशी मी तिची माफी मागितली, बाटल्या शोधल्याबद्दल. ती म्हणाली, "मीही शोधल्या असत्या." मग थोड्या वेळाने, "पण तू आधी विचारायला हवं होतंस." मी हो म्हटलं.

शेवटच्या पंधरवड्यात एके सकाळी तिने दारू मागितली. "एक घोट. आता काय वाचवायचंय?"

मी जन्मात पहिल्यांदा दारूच्या दुकानात गेले. अकरा वाजले होते. दुकानदाराने कुठली म्हणून विचारलं आणि मला नाव आठवेना, फक्त भावोजींच्या बाटलीवरचं निळं लेबल आठवत होतं. निळं लेबल म्हटलं, त्याने दिली. घरी येऊन मी चमच्यात ओतली आणि तिच्या तोंडाशी धरली. तिने वास घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, घेईल.

"नको," ती म्हणाली. "ओतून टाक."

"घे गं. कोण काय म्हणणार आहे?"

"सगळे म्हणतील. दारूने गेली म्हणतील. निदान ते खोटं असू दे."

मी बाटली मोरीत रिकामी केली. घरभर वास सुटला. ती तोंड फिरवून पडून राहिली.

नऊ दिवसांनी दुपारी ती गेली. मी शेजारी बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. श्वास थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला, आणि मी लाल पेन हातात धरून वाट बघत राहिले.

लोक आले. लॅबचे मालक आले. डोळे पुसत म्हणाले, "असे हात पुन्हा मिळायचे नाहीत. दारूने घात केला." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकत होते की तिने दोन वर्षं आणि पाच महिने थेंबालाही स्पर्श केला नव्हता. पण मग कुणीतरी विचारलं असतं, मग इतके दिवस दुखणं कळलं कसं नाही? आणि ते उत्तर माझ्या दारापर्यंत आलं असतं, शाळेपर्यंत गेलं असतं. मी मालकांना विचारलं, "चहा घेणार ना?"

झिपऱ्या महिन्याभराने आला. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. म्हणाला, "मी दिलं नसतं तर?"

"तर ती प्यायली असती."

"आणि मग?"

"मग माहीत नाही. तुम्ही दिलंत, मी आणलं. आता माझ्याकडून दुसरं काही ऐकायला आला असाल तर ते माझ्याकडे नाही."

त्याने मान हलवली. चहा तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये गेले. अक्काच्या टेबलावर दुसरी एक बाई बसली होती, मेण तापवत होती. मालकांनी अक्काची हत्यारं एका डब्यात भरून ठेवली होती. डबा हातात घेऊन मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचं होतं. अक्काने दारू सोडली होती. शेवटपर्यंत घेतली नाही."

मालकांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"हो मॅडम," ते म्हणाले. "त्यासुद्धा असंच म्हणायच्या."

"म्हणायची नाही. सोडली होती. डॉक्टरांचा रिपोर्ट आहे."

"असेल ना. असेल." त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. "तुम्ही आता त्रास करून घेऊ नका."