मागून आलेला खोकला

अकोल्याच्या जठारपेठेत किसनराव तायड्यांचं वाचनालय आहे. तिथे रहस्यकथा शेवटच्या प्रकरणाशिवाय घरी मिळते. पूर्वी कुणीतरी पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. तेव्हापासून नवं पुस्तक आलं की किसनराव ब्लेडनं शेवटचं प्रकरण कापतात, टाचून खणात ठेवतात. वाचकानं पुस्तक संपवून काउंटरवर यायचं, आपला संशय सांगायचा, मग ती पानं तिथल्याच बाकावर बसून वाचायची.

गुलनार शाळेत असल्यापासून या बाकावर बसत आली. आता ती अमरावतीत बँकेत नोकरी करते, तरी फौजदार गावंडेंच्या मालिकेतली नवी कादंबरी निघाली की बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला येते. पुस्तक नेते आणि शेवटासाठी पुन्हा येते.

या मालिकेत एक गोष्ट दरवेळी घडते. गावंडे खऱ्या गुन्हेगाराच्या दारापाशी पोचतात, ते सोडून पुढे निघतात आणि मागे कुणीतरी खोकतं. वळून पाहावं तर कुणी नसतं. मग गावंडे तेच दार वाजवतात. तीस वर्षांत लेखकानं याचा खुलासा केला नव्हता. आणि नव्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलं होतं : ही शेवटची कादंबरी.

रविवारी सकाळी गुलनार काउंटरपाशी उभी राहिली.

"बोल व पोरी, कोनावर संशय हाय?" किसनरावांनी विचारलं.

"कंपाउंडरवर. पण काका, मले खुनी नाही पाहिजे. मले खोकला पाहिजे."

"तो मी सांगतो. डॉक्टर म्हनन, गावंड्याले दमा हाय. स्वतःचाच खोकला आयकून राहिला होता बिचारा."

"तसं लिहिलं असन ना, तर मी सारं फुकट वाचलं."

"फुकट काहून? वर्गणी घेतली ना मी!"

गुलनार हसली नाही. किसनरावांनी दिलेली पानं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तुमी वाचलं?"

"पहिल्या वाचकाच्या आधी मी वाचत नाई. मालूम हाय तुले."

"मंग या इकडं. सोबतच वाचू."

कंपाउंडर तिसऱ्या पानावर पकडला गेला. गावंडे म्हातारे, दवाखान्यात खाटेवर. त्यांनी पडल्यापडल्याच खुन्याचं नाव सांगितलं. दार नाही, खोकला नाही.

"घ्या! इसरला लेखक," किसनराव म्हणाले.

गुलनारनं पान उलटलं. गावंडे खाटेवरून उठले होते. काठी टेकत व्हरांड्यात आले. व्हरांडा संपत नव्हता. दोन्ही बाजूंना दारं होती : घोड्याची नाल ठोकलेलं हिरवं दार, पिठाच्या गिरणीचं अर्धं ओढलेलं शटर, वाळल्या तोरणाचं दार. प्रत्येक दारासमोर खाकी कपड्यांतला एक तरुण पाठमोरा उभा, पुढे निघण्याच्या बेतात. म्हाताऱ्याला हाक मारायची होती, शब्द फुटेना. तो खोकला.

प्रकरण तिथेच संपलं होतं.

"हिरवं दार," किसनराव हळूच म्हणाले, "हे आपन पाह्यलं हाय."

त्यांनी खण अख्खा ओढून बाकावर ठेवला. सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट त्यात होते. गिरणीचं शटर सापडलं. तोरण सापडलं. सगळ्यात खाली, पिवळ्या पडलेल्या पानांत, पहिल्या कादंबरीचं हिरवं दार सापडलं. गुलनारनं बोट ठेवून वाचलं : 'गावंडेंनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. धुळीत काठीच्या टोकाचा गोल ठसा तेवढा होता.'

हे वाक्य दोघांनीही अनेकदा वाचलं होतं. ठशाचं पुढे काहीच झालं नाही, लेखकाची चूक असेल, असं दोघांनीही धरलं होतं.

"तवापासून?" किसनरावांनी विचारलं. "पहिल्याच पुस्तकापासून लेखकाले मालूम होतं?"

गुलनारनं मान डोलावली. पंखा फिरत होता, म्हणून किसनरावांनी पसरलेल्या पानांवर तळहात ठेवला होता.

"पहिलं पुस्तक द्या, काका. पुन्हा सुरू करतो."

किसनरावांनी फळीवरून ते काढलं आणि हिरव्या दाराची पानं त्यात घालू लागले. गुलनारनं ती काढून परत खणात ठेवली.

"हे राहू द्या. संशय सांगाले येईन मी."